माळाची बाग

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुठल्याही तालुक्याच्या बाजारात आपट्याच्या फांद्यांचे ढीग लागतात. त्यातला बराचसा माल आपट्याचा नसतो, कांचनाचा असतो. आपट्याचं पान लहान, जाडसर, हाताला खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं, मऊ आणि लांबट. दोन्ही पानं टोकाला दुभंगलेली असल्यामुळे घाईच्या गिऱ्हाइकाला फरक कळत नाही आणि विकणाऱ्यालाही तो सांगायची गरज वाटत नाही. सोनं वाटण्यात त्यामुळे फारसं बिघडत नाही, हे खरंच. पण ज्या झाडाचं पान वर्षातून एकदा घराघरांत हाताळलं जातं, ते झाडच जर लोकांना ओळखू येत नसेल, तर ज्यांना सणावारी मान नाही त्या हिवराची, हिंगणबेटाची, हेंकळाची, नेपतीची काय कथा? झाड ओळखू येत नसलं की ते बांधावरून कधी नाहीसं झालं हेही कळत नाही. देशी वनस्पतींची सार्वजनिक बाग ही एरवी हौसेची गोष्ट वाटते. पण ही हरवलेली ओळख परत आणण्याचं दुसरं खात्रीचं साधन सहजासहजी सापडत नाही. आणि अशी बाग सर्वांत जास्त कुठं हवी असेल, तर जिथं बागेचा विचारही कुणाच्या मनात येत नाही अशा कोरड्या मुलखात. सोलापूर जिल्ह्यातला माढा तालुका हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

आधी बाग म्हणजे काय ते स्पष्ट केलेलं बरं. नगरपालिकेच्या बागेत हिरवळ, कारंजं, घसरगुंडी आणि कडेनं छाटलेली मेंदी असते. तिथं झाडं शोभेला आणि सावलीला असतात. वनस्पती उद्यानात झाडं अभ्यासाला असतात. तिथल्या प्रत्येक झाडाची नोंद असावी लागते: बी कुठल्या गावच्या कुठल्या ओढ्याकाठून आणलं, कधी पेरलं, किती रोपं जगली, पहिला फुलोरा कधी आला. झाडाजवळ नावाचा फलक, दप्तरात त्याची हकिकत, कपाटात वाळवून चिकटवलेला नमुना आणि डब्यात जपलेलं बी, एवढं सगळं असलं तरच त्या जागेला वनस्पती उद्यान म्हणता येतं. इटलीत पादुआ इथं 1545 साली सुरू झालेली बाग अजून चालू आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना खरी औषधी वनस्पती आणि तिच्या नावावर खपवली जाणारी भलतीच वनस्पती यांतला फरक कळावा, हा तिचा मूळ हेतू. म्हणजे आपटा आणि कांचन यांचा घोळ निस्तरण्यासाठीच या बागा जन्माला आल्या, असं म्हटलं तरी चालेल.

आपल्याकडे मात्र त्या आल्या वेगळ्या हेतूनं. पुण्याजवळ दापोडीला 1828 साली कंपनी सरकारनं बाग सुरू केली. 1838 पासून ती अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरच्या ताब्यात होती. सरकारी दवाखान्यांना औषधं पुरवणं आणि बाहेरून आणलेली पिकं, फळझाडं इथल्या हवेत तग धरतात का ते पाहणं, हे तिचं मुख्य काम. गिब्सननं इथल्या वनस्पतींचाही कसून अभ्यास केला, एका देशी चित्रकाराकडून त्यांची सुरेख चित्रं काढून घेतली. ती चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकाराचं नाव मात्र राहिलं नाही. 1847 साली गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्यानं एन. ए. डॅलझेल यांच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1861 साली छापला गेला. म्हणजे विद्वत्तेची कमतरता नव्हती. तरीही त्या काळच्या बागांनी लोकांच्या मनावर जो ठसा उमटवला तो परदेशी झाडांचा. मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेतला पर्जन्यवृक्ष आणि नीलमोहर ही झाडं बागांतून रस्त्यांवर आणि रस्त्यांवरून शाळांच्या आवारात आली. झाड लावायचं म्हणजे बाहेरून आलेलं, झटपट वाढणारं, भडक फुलणारं लावायचं, ही सवय आपल्याला लागली ती अशी.

ही सवय मोडायला जगात सुरुवात झाली ती दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला. 1913 साली तिथं कर्स्टनबॉश इथं फक्त त्या देशातल्या वनस्पतींची बाग काढायचं ठरलं. जागा मिळाली ती डुकरांनी उकरलेली, तणानं भरलेली. आज ती जगातल्या नावाजलेल्या बागांपैकी एक आहे आणि केपच्या झुडपांची, कंदांची फुलं पाहायला लोक समुद्र ओलांडून तिथं जातात. महाराष्ट्रातही याच दिशेचं काम झालं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पती उद्यानाला केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्यानं अग्रणी वनस्पती उद्यान म्हणून मान्यता दिली. प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं खर्पुडीच्या कुळातल्या, सह्याद्रीशिवाय अन्यत्र न सापडणाऱ्या दुर्मीळ जाती वाढवल्या आणि काही परत डोंगरात नेऊन लावल्या. पुण्यातली 1873 सालची गणेशखिंड बाग 2020 साली राज्य सरकारनं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. शिरवळजवळ 1992 पासून नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्र चालू आहे.

पण या सगळ्या नावांकडे नकाशावर पाहिलं की एक गोष्ट खटकते. सगळी ठिकाणं सह्याद्रीत, त्याच्या पायथ्याशी किंवा त्याच्या सावलीत आहेत. आपल्या वनस्पतिशास्त्राचा जीव घाटावर जडलेला आहे, आणि ते साहजिक आहे: तिथं जाती जास्त, पाऊस जास्त, कास पठारासारखी फुलांची मिरास जास्त. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्यात पाचशे-साडेपाचशे पडला तर वर्ष बरं गेलं म्हणतात, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात येतो. राज्याचा केवढा तरी भाग या दुसऱ्या प्रकारात मोडतो. तिथल्या मुलाला शाळेच्या पुस्तकात सदाहरित जंगल दिसतं, समुद्राकाठची खारफुटी दिसते, पण त्याच्या घरामागच्या माळावर काय उगवतं ते सांगणारी जागा दिसत नाही. त्यातून त्याची समजूत होते ती अशी की निसर्ग म्हणजे दुसरीकडची गोष्ट, आपल्याकडे आहे ती नुसती पडीक जमीन. सोलापूरच्या वालचंद महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी सोलापूर जिल्ह्यातल्या सपुष्प वनस्पतींची यादी 2015 साली प्रसिद्ध केली आहे. काम मोलाचं, पण शोधपत्रिकेत आणि इंग्रजीत. माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीच्या शाळेतल्या पोरापर्यंत ते पोचायला मध्ये कुणीतरी लागतं.

माढ्याची रचना अशा बागेला अनुकूल आहे, कारण दोन तऱ्हांची जमीन तिथं शेजारी-शेजारी आहे. पूर्वेला सीना, पश्चिमेला भीमा. नद्यांच्या अंगाला काळी कसदार माती आणि मधल्या उंचवट्यांवर वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. 1980 साली उजनी धरण पुरं झालं. सुमारे 117 टीएमसी पाणी साठवणारं हे धरण याच तालुक्याच्या हद्दीत आहे. त्यानंतर कालवे आले, उपसा योजना आल्या, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला, पुढे डाळिंब आणि द्राक्षंही आली. त्यातून आलेली सुबत्ता नाकारण्याचं कारण नाही. ज्यांनी 1972 चा दुष्काळ पाहिला त्यांना उसाचं हिरवं रान पाहून काय वाटतं हे बाहेरच्यानं शिकवू नये. पण या सुबत्तेबरोबर बांध अरुंद झाले, बांधावरच्या रामकाठी बाभळी तुटल्या, आणि माळ तेवढा आणखी बिनकामाचा ठरला. ज्याच्यावर ऊस होत नाही तो माळ, अशी त्याची नकारार्थी व्याख्या पक्की झाली.

या माळाची किंमत एकदा सरकारनं ओळखली होती, पण ती एका पक्ष्यामुळे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या परिसरात माळढोक आहे हे बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या पक्षिनिरीक्षकांनी सत्तरच्या दशकात नजरेस आणलं आणि 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक तालुक्यांबरोबर माढाही त्यात होता. साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं ते अवाढव्य क्षेत्र, गावंच्या गावं पोटात घेणारं, लोकांना जाच वाटू लागलं आणि पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. दरम्यान माळढोक जवळजवळ गेला. त्याच्या जाण्याला कारणं बरीच: नांगरली गेलेली रानं, विजेच्या तारा, भटकी कुत्री, शिकार. पण त्यातलं एक कारण या लेखाच्या विषयाला थेट भिडतं. माळ उघडा दिसतो म्हणून त्यावर झाडं लावली गेली, आणि लावली गेली ती गिरीपुष्पासारखी परदेशी. माळढोक हा मोकळ्या गवतात चालणारा, दूरवर नजर ठेवणारा पक्षी. त्याच्या घरात झाडी उभी करणं म्हणजे त्याला घराबाहेर काढणंच. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. हिरवं म्हणजे झाड, आणि झाड म्हणजे जंगल, एवढंच आपल्याला शिकवलं गेलं होतं. 2019 साली राज्यात 33 कोटी झाडं लावण्याची मोहीम झाली. अशा मोहिमेत खड्डे मोजता येतात, रोपं मोजता येतात. इथं खड्डा न खणणंच शहाणपणाचं होतं, असं नोंदवायला रकाना नसतो.

गवत हीदेखील वनस्पती आहे आणि माळावरची मुख्य वनस्पती तीच आहे, हे पटवायला व्याख्यान पुरत नाही; दाखवावं लागतं. उदाहरणार्थ कुसळी. भाद्रपदानंतर तिची काळपट कुसळं एकमेकांत गुंतून दोरीसारखी दिसतात आणि मेंढपाळ तिला शिव्या देतो, कारण ती लोकरीत घुसते, कातडीला टोचते आणि लोकरीचा भाव पाडते. पण एक कुसळ काढून ओल्या मातीवर ठेवलं तर त्याचं काम दिसतं. कुसळाचा दांडा पिळलेला असतो. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. दिवसाचं ऊन आणि रात्रीचं दव यांच्या आलटून-पालटून होणाऱ्या माऱ्यानं तो फिरत राहतो आणि टोकाशी असलेलं बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. टोकावरचे केस मागच्या बाजूला वळलेले असल्यामुळे आत गेलेलं बी वर येत नाही. शेडा, पवन्या, मारवेल या चाऱ्याच्या चांगल्या गवतांशेजारी एका वाफ्यात कुसळी वाढवली, तर चराई फार झाली की आधी पवन्या-मारवेल कशी मागं हटतात आणि कुसळी कशी पुढं सरकते, हेही तिथंच सांगता येईल. गुरं चवदार ते आधी खातात, एवढा साधा त्याचा हिशेब. कुठल्याही मेंढपाळाला तो ठाऊक असतो, आणि शहरातून आलेल्या बहुतेक अधिकाऱ्यांना नसतो.

दुसरं उदाहरण खर्पुडीचं. कोरड्या माळावर, काटेरी झुडपाच्या आडोशानं वाढणारा हा बारीक वेल. खाली बटाट्यासारखा कंद असतो, तो गुराखी पोरं उकरून खातात. पावसाळ्यात तिला बोटाच्या पेराएवढी फुलं येतात. फुलाची नळी तळाशी फुगीर, वर अरुंद, आणि तोंडावरच्या पाकळ्यांची टोकं जुळून झालेला छोटा कंदील. बारीक माशा वासानं आत शिरतात आणि अडकतात, कारण नळीतले केस खाली वळलेले असतात: आत जायला वाट, बाहेर यायला नाही. दिवसभरानं केस कोमेजतात, फूल कलतं आणि माशी सुटते, ती परागांची जुडी तोंडाला चिकटवून घेऊन. एवढी कारागिरी ज्या जमिनीवर चालते तिला आपण पडीक म्हणतो. ही गोष्ट गावच्या शाळेतल्या मुलांनी भिंग घेऊन पाहावी, आणि कंद खायला हरकत नाही पण एका जागचे सगळे उकरू नयेत, हे तिथंच शिकावं.

आता आक्षेप. पहिला आक्षेप बहुतेकांच्या ओठावर येणारा: गवत आणि काटेरी झुडपं पाहायला कोण येणार? बाग हिरवीगार हवी. चैत्र-वैशाखात वाळून पिवळी पडणाऱ्या बागेला तिकीट कोण काढील? याला राजस्थानात उत्तर मिळालं आहे. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सत्तर हेक्टर खडकाळ जमीन वेड्या बाभळीनं गिळली होती. 2006 पासून वृक्ष-अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली तिथं काम सुरू झालं. वेडी बाभूळ नुसती तोडली तर दुप्पट जोमानं फुटते आणि तिची मुळं खडकाच्या भेगांत खोल गेलेली असतात. शेवटी पिढ्यान्‌पिढ्या त्या खडकात दगड काढणाऱ्या खांडवालिया कारागिरांनी हातोड्यानं ठोकून, आवाजावरून खडकाची ताकद ओळखून ती मुळं उकरली. मग त्या खड्ड्यांत थारच्या वाळवंटातली झुडपं, गवतं, निवडुंगासारखे थोर लावले गेले. 2011 साली राव जोधा मरुउद्यान लोकांना खुलं झालं आणि आज जोधपूरला जाणारे पर्यटक किल्ल्याबरोबर तेही पाहतात. सोलापूरपेक्षा कितीतरी कमी पावसाच्या प्रदेशात हे घडलं. उन्हाळ्यात ती जागा रखरखीत दिसते आणि तसं दिसणं लपवलं जात नाही, कारण वाळवंटातल्या वनस्पती पाण्यावाचून कशा जगतात हेच तर तिथं दाखवायचं असतं.

माढ्याच्या माळालाही आपलं वर्ष असतं. फाल्गुनात पळस पेटतो. चैत्रात लिंबाला मोहर येतो, पाठोपाठ करंज फुलतो. श्रावणापासून हिवरावर पांढरट-पिवळे तुरे येतात आणि मधमाश्यांची झुंबड उडते. नवरात्रात तरवड पिवळाधमक होतो. त्याच्या फुलांची माळ देवीच्या घटावर चढते, आणि त्याच्याच पानांवर पिवळी-पांढरी फुलपाखरं अंडी घालतात. मार्गशीर्षात बोरं. म्हणजे अगदी कोरडे असे दोन-तीन महिनेच. आणि माणसं येण्याचं म्हणाल, तर या तालुक्यात ती आधीच येतात. अरण हे संत सावता महाराजांचं गाव माढा तालुक्यातच आहे. तेराव्या शतकातला हा माळी पंढरपूरला न जाता मळ्यातल्या कामालाच भक्ती मानत राहिला, आणि आषाढात त्याच्या पुण्यतिथीला विठ्ठलच पालखीतून त्याच्या भेटीला येतो अशी परंपरा आहे. पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखीही याच भागातून पंढरपूरकडे जाते. कुर्डुवाडीला मुंबई-सोलापूर आणि लातूर-मिरज हे रेल्वेमार्ग मिळतात, पुणे-सोलापूर महामार्ग टेंभुर्णी-मोडनिंबवरून जातो. एवढी वर्दळ असताना बघणारे मिळणार नाहीत ही भीती फार खरी वाटत नाही. माळ्याच्या तीर्थाला येणाऱ्या माणसाला झाडांची बाग दाखवण्यात तर काही ओढाताणही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जिथं उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर लागतात तिथं बागेला पाणी घालणं हा गुन्हा नाही का? हिरवळीच्या बागेच्या बाबतीत हा आक्षेप मान्यच करायला हवा. लॉनसाठी लागणारं पाणी दुष्काळी तालुक्यात काढणं लाजिरवाणं आहे. पण माळाच्या बागेचं गणित वेगळं आहे. हिवर, बोर, हिंगणबेट, खैर, तरवड यांना पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळी आधार दिला की पुढं पाणी मागावं लागत नाही. नेपतीसारखं झुडूप तर पानंच जवळजवळ टाकून हिरव्या काड्यांवर जगतं. गवताला पेरून कुंपण घातलं की पुरतं. उतारावर सलग समपातळी चर आणि खाली एखादं शेततळं असलं की रोपवाटिकेपुरतं पाणी साठतं. आणि कमी पाण्यात काय-काय जगतं हे लोकांना डोळ्यांनी दिसावं यासाठीच तर ही खटपट. पाणी नाही म्हणून बाग नको, हा युक्तिवाद पाणी नसलेल्या प्रदेशाला उसाच्या पाण्यानं जोखतो.

तिसरा आक्षेप बुद्धीचा आहे आणि मला तोच सर्वांत आवडतो. देशी म्हणजे नक्की काय? चिंच मुळात आफ्रिकेतली. ज्वारीही आफ्रिकेतूनच आलेली, आणि सोलापूरची मालदांडी म्हणजे तर जिल्ह्याचा अभिमान. डाळिंब इराणच्या बाजूचं, सीताफळ अमेरिकेतलं. 2016 साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्याचं मूळ गाव कुणी विचारलं नाही. मग गिरीपुष्पानं आणि सुबाभळीनंच काय घोडं मारलं आहे? यावर वंशशुद्धीच्या थाटात उत्तर दिलं तर ते हास्यास्पद होईल. कसोटी जन्मगावाची नसावी, वागणुकीची असावी. आलेल्या झाडानं इथल्या पाखरांशी, किड्यांशी, गुरांशी नातं जोडलं का? चिंच इथं इतकी जुनी आहे की तिच्या पानांवर वाढणारी फुलपाखरं आहेत, तिच्या फांद्यांवर वटवाघळं आणि बगळे वस्ती करतात. ज्वारी-डाळिंब माणसानं पेरल्याखेरीज उगवत नाहीत, ती माळ गिळत नाहीत. वेडी बाभूळ, घाणेरी आणि गाजरगवत यांचं तसं नाही: ती स्वतः पसरतात आणि दुसऱ्याला उठवतात. गाजरगवत पुण्यात पन्नासच्या दशकात प्रथम नजरेस आलं आणि दोन पिढ्यांत देशभर झालं. शेतकऱ्यानं बांधावर खतासाठी गिरीपुष्प लावलं तर त्याच्याशी भांडायचं कारण नाही. सरकारनं माळढोकाच्या कुरणात ते लावलं तर आहे. बागेत एक वाफा परदेशी पण मुरलेल्या झाडांचा आणि एक वाफा, भक्कम कुंपणात, घुसखोरांचा जरूर ठेवावा. ओळख त्यांचीही हवी.

चौथा आक्षेप शेतकऱ्याचा: याचा आम्हाला उपयोग काय? त्याला उत्तर बागेच्या मागच्या बाजूला, रोपवाटिकेत आहे. वृक्षारोपणाच्या मोहिमांत तीच-ती झाडं दिसतात, कारण रोपवाटिकेत तीच असतात. आणि रोपवाटिकेत तीच असतात, कारण त्यांचं बी सहज मिळतं आणि सहज रुजतं. देशी झाडांच्या बियांचे नखरे जास्त. लिंबोळी झाडाखाली पडल्यापासून काही आठवड्यांत पेरली नाही तर तिची उगवण झपाट्यानं घटते. जूनमध्ये गोळा करून पुढच्या वर्षीसाठी पोत्यात भरून ठेवणारा माणूस कचरा साठवत असतो. उलट बाभळीचं बी वर्षानुवर्षं टिकतं, पण कवच इतकं टणक की गरम पाण्यात भिजवल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. शेळ्या हेच काम फुकटात करतात: उन्हाळ्यात शेंगा खातात, आणि लेंड्यांतून पडलेलं बी पावसाळ्यात चटकन रुजतं. खताला रानात मेंढरं बसवणाऱ्या शेतकऱ्याला आणि धनगराला हे माहीत असतं. बोराची आठळी हलक्या हातानं फोडून आतलं बी पेरलं तर ते लवकर उगवतं. असं ज्ञान एका जागी जमवून, पारखून, त्या-त्या गावच्या बियांपासून रोपं करून देणारी जागा तालुक्यात असली तर बांधावर काय लावायचं याला पर्याय तयार होतील. सरळसोट वाढणारी, पिकावर फारशी सावली न धरणारी रामकाठी बाभूळ औतासाठी लाकूड देत होती, शेंगा शेळ्यांना देत होती. ट्रॅक्टरच्या दिवसांत औताला भाव नसला तरी शेळीला आहे.

अभयारण्य आहे, देवराया आहेत, मग वेगळी बाग कशाला, असंही विचारलं जातं. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं महत्त्व जगापुढं आणलं हे खरं, पण देवराई टिकते ती माणसानं तिथं फारसं न शिरल्यामुळे. अभयारण्याचंही तेच. बाग माणसाला आत बोलावण्यासाठी असते. आणि नुसतं पाहायला नव्हे, काही सांगायलाही. जैवविविधता कायदा 2002 साली झाला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, असं अपेक्षित आहे. पुष्कळ ठिकाणी या नोंदवह्या मुदत गाठण्यासाठी घाईघाईनं भरल्या गेल्या आणि कपाटात गेल्या. माळाच्या बागेला एक जिवंत काम यातून मिळू शकतं. पाथरी, घोळ, चिघळ, तांदुळजा, कुरडू या रानभाज्या कोणत्या महिन्यात, कोणत्या रानात, कशा खुडतात हे शेतावर खुरपणीला जाणाऱ्या बायकांइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांनी बागेत येऊन शिकवावं आणि त्याचे पैसे घ्यावेत. नोंदवहीत त्यांचं नाव माहिती देणारी म्हणून लागावं. तणनाशकाच्या फवाऱ्यानं या भाज्या बऱ्याच रानांतून हटल्या आहेत, तेव्हा हे काम फार पुढं ढकलण्याजोगं नाही.

अशा बागांना दोन सवयी घातक ठरतात आणि दोन्ही आपल्याकडे मुरलेल्या आहेत. एक म्हणजे औषधी फलक. झाडाखाली मधुमेहावर गुणकारी, मुतखड्यावर रामबाण असं लिहिलं की महिन्याभरात त्या झाडाची साल सोलली जाते, आणि वाचणारा माणूस डॉक्टर सोडून पाला वाटू लागतो तो वेगळाच. फलकावर झाडाचं स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, बी कुठून आणलं, फुलोरा कधी येतो आणि त्यावर कोण-कोण जगतं एवढं पुरे. गावागणिक नाव बदलत असेल तर दोन-तीन नावं लिहावीत. सोलापूरकडचा लिंब पुण्याला कडुनिंब होतो, त्यात भांडण नाही. दुर्मीळ कंदांच्या जागा मात्र फलकावर लिहू नयेत. दुसरी सवय उद्घाटनाची. नक्षत्रवन, स्मृतिवन, ऑक्सिजन पार्क अशी नावं देऊन पाहुण्याच्या हस्ते रोप लावलं जातं, कोनशिला बसते आणि पुढच्या वैशाखात कोनशिला तेवढी उरते.

तेव्हा सुरुवात लहान आणि उशिरा दिसणारी असावी. एखाद्या गायरानाचा पाच-सहा एकराचा मुरमाड तुकडा ग्रामसभेच्या ठरावानं घ्यावा, कारण गायरानावर चरणाऱ्यांचा हक्क आधीचा आहे आणि तो डावलून उभी राहिलेली बाग पहिल्याच दुष्काळात कुंपणासकट जाईल. पहिल्या वर्षी काहीच लावू नये. कुंपण घालावं, चर काढावेत, वेडी बाभूळ मुळासकट उपटावी आणि पावसानंतर आपोआप काय उगवतं ते महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी नोंदवावं. जमिनीत दडलेलं बी पुष्कळदा आपल्यापेक्षा हुशार निघतं. दुसऱ्या पावसाळ्यात ओढ्याकाठच्या आणि बांधावरच्या उरलेल्या जुन्या झाडांचं बी पेरावं. गवत पिकून बी झडलं की कार्तिक-मार्गशीर्षात ते विळ्यानं कापून न्यायची मुभा त्याच गावच्या मेंढपाळांना आणि शेळ्या पाळणाऱ्या बायकांना द्यावी. चरायला सोडायचं नाही, कापून न्यायचं, एवढी एकच अट. तिसऱ्या वर्षी शाळांच्या सहली आणि फलक. कोनशिला बसवायचीच असेल तर पाहुण्यांना चौथ्या वर्षी, पळस फुललेला असताना बोलवावं, आणि कांचन व आपटा यांची एकेक फांदी हातात देऊन कोणती कशाची ते विचारावं.